खोल समुद्रातील गाळाची नोंदवही

समुद्रतळाला छिद्रे पाडून पृथ्वीचा इतिहास वर काढणारे ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ हे अमेरिकी संशोधन जहाज २०२४ च्या ऑगस्टमध्ये अखेरची मोहीम आटोपून या कामातून बाहेर पडले. सुमारे चार दशके जगातील बहुतेक महासागरांत फिरलेल्या या जहाजावर वर्षाला सुमारे ७ कोटी डॉलर खर्च होत असत. वाढता खर्च आणि भागीदार देशांचे अपुरे योगदान यांमुळे जहाजाचा करार पुढे वाढविला जाणार नसल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०२३ मध्येच जाहीर केले होते. जहाज गेले. मागे उरले ते त्याने आणि त्याच्या पूर्वीच्या जहाजाने वर काढलेले गाळाचे व खडकांचे शेकडो किलोमीटर लांबीचे दंडगोल, आणि त्या दंडगोलांविषयीच्या नोंदी.

या नोंदी कोणी, कशा आणि कोणासाठी ठेवायच्या हा विषय वरकरणी कारकुनी वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात गेल्या साडेसहा कोटी वर्षांतील हवामानाचे आलेख, हिमयुगांचे कालमापन आणि भारतीय मान्सूनच्या वयाविषयी चाललेली चर्चा यांचा मोठा आधार या नोंदीच आहेत. एखादा दंडगोल कोणत्या ठिकाणचा, किती खोलीवरचा आणि त्याचे वरचे टोक कोणते, एवढी माहिती हरवली तरी हाती केवळ चिखल उरतो.

खोल समुद्रात छिद्र पाडण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेने १९६१ साली मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटानजीक केला. पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरणापर्यंत पोहोचण्याची ही ‘मोहोल’ योजना खर्चाच्या बोज्याखाली १९६६ मध्ये गुंडाळण्यात आली. मात्र नांगर न टाकता, तरंगत्या जहाजावरून हजारो मीटर पाण्याखाली खोदता येते हे तिने सिद्ध केले. १९६८ साली ‘ग्लोमार चॅलेंजर’ हे जहाज घेऊन खोल समुद्र वेधन प्रकल्प सुरू झाला. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेकडे त्याची सूत्रे होती. या जहाजाच्या अगदी आरंभीच्या मोहिमांपैकी एका मोहिमेने दक्षिण अटलांटिकमध्ये असे दाखवून दिले की, महासागराच्या मध्यवर्ती पर्वतरांगेपासून जसजसे दूर जावे तसतसे तळाचे वय वाढत जाते. सागरतळ विस्ताराच्या सिद्धांताला मिळालेला तो मोठा आधार होता. १९८३ पर्यंत या जहाजाने ९६ मोहिमांत ६२४ ठिकाणी वेधन केले आणि सुमारे ९७ किलोमीटर लांबीचा गाळ व खडक वर आणला.

त्यानंतर १९८५ मध्ये ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या जहाजासह पुढचा कार्यक्रम सुरू झाला. तेलविहिरी खोदण्यासाठी १९७८ साली बांधलेले हे जहाज संशोधनासाठी बदलून घेण्यात आले होते. २००३ मध्ये कार्यक्रमाचे नाव आणि रचना पुन्हा बदलली, जपानचे ‘चिक्यू’ हे जहाज व युरोपीय देशांनी मोहिमेपुरती भाड्याने घेतलेली जहाजे त्यात सामील झाली, आणि २०१३ मध्ये आणखी एक नामांतर झाले. या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट मात्र कोणी बदलली नाही. वेधनस्थळांचे क्रमांक १९६८ पासून पुढे पुढेच जात राहिले. पहिल्या कार्यक्रमातील शेवटचे ठिकाण ६२४ क्रमांकाचे होते, तर दुसऱ्या कार्यक्रमातील पहिले ठिकाण ६२५. प्रत्येक नव्या कार्यक्रमाने एकपासून मोजणी सुरू केली असती, तर आज एकाच क्रमांकाची तीन-तीन ठिकाणे जगाच्या तीन कोपऱ्यांत निघाली असती. सरकारी कारभारात नवी योजना आली की नवे क्रमांक येतात, याचा अनुभव असणाऱ्या वाचकांना या साध्या निर्णयाचे मोल वेगळे सांगावयास नको.

जहाजावर काय घडते?

गाळ वर काढण्यासाठी वेधननलिकेच्या आत प्लॅस्टिकचे अस्तर असलेली सुमारे साडेनऊ मीटर लांबीची नळी सोडली जाते. ती भरून वर आली की तिच्यातील दंडगोलास ‘कोअर’ म्हणजे गाभा असे म्हणतात. डेकवर येताच त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला निळे आणि खालच्या टोकाला रंगहीन झाकण बसविले जाते. मधला एखादा भाग संपूर्ण गोलाकार कापून नमुन्यासाठी काढून घेतला असेल तर तेथे पिवळे झाकण लावतात. ही रंगांची पद्धत प्राथमिक वाटली तरी तिच्यामागे मोठे कारण आहे. गाळाचा तुकडा उलटा ठेवला गेला तर काळाचा क्रमच उलटा होतो, आणि पुढे त्यावर काम करणाऱ्या संशोधकाला ते कळण्याचा मार्ग नसतो.

यानंतर तुकड्यांचे तापमान प्रयोगशाळेतील तापमानाइतके होऊ दिले जाते. मग ते संवेदकांखालून सरकत जातात आणि घनता, चुंबकीय ग्रहणशीलता, ध्वनिलहरींचा वेग, नैसर्गिक गॅमा किरणोत्सर्ग यांची मोजमापे घेतली जातात. त्यानंतर प्रत्येक तुकडा उभा चिरून त्याचे दोन भाग करतात. एक भाग कामाचा. त्यातून नमुने काढले जातात. दुसरा भाग जतनाचा. त्याची छायाचित्रे काढली जातात, रंग मोजला जातो, थरांचे वर्णन लिहिले जाते, परंतु सर्वसाधारणपणे त्याला सुरी लावली जात नाही. आज ज्या तपासणीची कल्पनाही नाही, ती उद्या करता यावी यासाठी ही तरतूद आहे.

प्रत्येक नमुन्याला एक पत्ता असतो. उदाहरणादाखल ‘३५५-यू१४५६ए-१०एच-३-डब्ल्यू, ५० ते ५२ सेंटिमीटर’ असा पत्ता घेता येईल. यातील ३५५ हा मोहिमेचा क्रमांक, ‘यू’ हे अक्षर अमेरिकेने चालविलेल्या जहाजाचे, १४५६ हे ठिकाण, ‘ए’ म्हणजे त्या ठिकाणचे पहिले छिद्र, १० हा त्या छिद्रातील दहावा गाभा, ‘एच’ म्हणजे तो द्रवदाबाच्या दट्ट्याने काढलेला आहे ही खूण, ३ हा तुकडा आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे कामाचा भाग. शेवटी तुकड्याच्या वरच्या टोकापासून मोजलेले सेंटिमीटर. सातबारा उताऱ्यावर गाव, गट आणि हिस्सा क्रमांकावरून जमिनीचा तुकडा जसा निश्चित होतो, तसाच या पत्त्यावरून जगातील कोणत्या समुद्रातील कोणता दोन सेंटिमीटरचा गाळ अभिप्रेत आहे हे निश्चित होते. दोन प्रयोगशाळांनी, वीस वर्षांच्या अंतराने, त्याच दोन सेंटिमीटरवर काम केले असेल तर त्यांचे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवता येतात.

खोली म्हणजे नेमकी किती?

एवढ्याने प्रश्न सुटला असे मात्र नाही. गाळ नळीत शिरताना आणि वर येताना बदलतो. खोलवरचा दाब निघून गेल्यावर त्यातील वायू प्रसरण पावतात आणि साडेनऊ मीटर घुसलेल्या नळीतून कधी कधी त्याहून लांब गाभा निघतो. उलट, कठीण आणि ठिसूळ थरांत नळी अर्धीही भरत नाही. अशा वेळी हाती आलेला भाग त्या टप्प्याच्या अगदी वरच्या टोकापासूनचा आहे असे मानण्याचा संकेत आहे. हा संकेत सत्य नव्हे, केवळ सर्वांनी मान्य केलेला व्यवहार होय. आणि नोंदीत तो स्पष्ट लिहिलेला नसेल तर वाचणारा त्यालाच सत्य मानून चालतो.

शिवाय एका गाभ्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांच्यामध्ये थोडा गाळ निसटतोच. म्हणून एकाच ठिकाणी शेजारी शेजारी दोन-तीन छिद्रे पाडून, एकातील खंड दुसऱ्यातील सलग भागाने भरून काढला जातो आणि जोडपट्टीसारखी एक सलग नोंद तयार केली जाते. त्यामुळे एकाच नमुन्याला दोन किंवा अधिक खोल्या मिळतात. एक जहाजावर नळीच्या मापावरून काढलेली, दुसरी या जोडपट्टीवरची. दोन्हींत काही मीटरांचा फरक पडू शकतो, आणि काही ठिकाणी एक मीटर म्हणजे हजारो वर्षे. संशोधकाने तक्त्यात केवळ ‘खोली’ असा मथळा देऊन आकडे लिहिले तर ते आकडे पुढच्याच्या जवळजवळ निरुपयोगी ठरतात. या क्षेत्रातील माहिती-व्यवस्थापकांची निम्मी शक्ती अशा एका शब्दाच्या मथळ्यांशी झुंजण्यात जाते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

वयाचे गणित याहून नाजूक आहे. वय मोजले जात नाही. जीवाश्म, चुंबकीय दिशांतील उलटापालट आणि इतर खुणांवरून ते ठरविले जाते, आणि या खुणांच्या तारखा सुधारत राहतात. म्हणूनच नोंद ठेवण्याचा पहिला नियम असा की, मूळ खोली आणि मूळ मोजमाप कायम ठेवायचे आणि वय हा बदलता येण्याजोगा स्वतंत्र स्तंभ मानायचा. २००९ मध्ये घडलेला बदल या दृष्टीने बोलका आहे. प्लायस्टोसीन या भूशास्त्रीय कालखंडाची सुरुवात तोवर सुमारे १८ लाख वर्षांपूर्वी मानली जात असे. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय संघटनेने ती सुमारे २५ लाख ८० हजार वर्षांपूर्वी नेली. परिणामी १९७५ च्या एखाद्या अहवालात ‘उत्तर प्लायोसीन’ असे नोंदलेल्या गाळाचा बराचसा भाग आज प्लायस्टोसीनमध्ये गणला जातो. केवळ शब्द शोधणाऱ्या संगणकाला याची जाणीव नसते.

एक वर्ष जहाजावरच्यांचे, मग सर्वांचे

माहितीच्या वाटपाबाबत या कार्यक्रमांनी स्वीकारलेला नियम सोपा आहे. मोहीम संपल्यानंतर सर्वसाधारणपणे एक वर्षापर्यंत नमुने आणि माहिती मोहिमेतील शास्त्रज्ञांसाठी राखीव असते. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत दोन महिने समुद्रावर काढणाऱ्यांना पहिल्या संशोधनाची संधी मिळावी, हा त्यामागील हेतू. ही मुदत संपली की जहाजावर घेतलेली सर्व मोजमापे, छायाचित्रे आणि वर्णने जगातील कोणालाही विनामूल्य पाहता येतात, आणि गाभ्यांतील नमुन्यांसाठी कोणताही संशोधक अर्ज करू शकतो. अर्ज मंजूर झाल्यास त्याच्यावर एकच मुख्य बंधन येते, ते म्हणजे निष्कर्ष ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याचे.

गाभे तीन ठिकाणी, सुमारे चार अंश सेल्सिअस तापमानाच्या शीतगृहांत ठेवले जातात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात कॉलेज स्टेशन येथे मुख्यतः प्रशांत महासागराचे, जर्मनीतील ब्रेमेन येथे अटलांटिक, आर्क्टिक आणि भूमध्य समुद्राचे, तर जपानमधील कोची येथे पश्चिम प्रशांत आणि हिंदी महासागराचे. कोची हे नाव वाचून भारतीय वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. हे केरळचे कोची नव्हे, शिकोकू बेटावरील शहर आहे. एकट्या ब्रेमेन येथील साठ्याची लांबी दीडशे किलोमीटरहून अधिक भरते. पूर्वी गाभे ज्या कार्यक्रमात निघाले त्यानुसार विखुरलेले होते. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या-नव्या गाभ्यांची समुद्रांनुसार फेरवाटणी करण्यात आली, आणि हिंदी महासागराचा जुना साठा जपानला रवाना झाला.

नोंदींचा प्रवास याहून खडतर होता. पहिल्या प्रकल्पाची माहिती कागदी तक्त्यांवर, छायाचित्रांत आणि प्रत्येक मोहिमेच्या जाडजूड छापील खंडांत होती. जी संगणकात होती ती चुंबकीय फितींवर. पुढे ती अमेरिकेच्या बोल्डर येथील राष्ट्रीय भूभौतिक माहिती केंद्राने सीडी-रॉमवर आणली, आणि छापील खंड स्कॅन होऊन संकेतस्थळावर आले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘जॉइडीस रिझोल्यूशन’वर ‘जेनस’ नावाचा माहितीकोश वापरात आला आणि मोजमापे थेट संगणकात जाऊ लागली. २००९ मध्ये दुरुस्तीनंतर जहाज परतले तेव्हा त्याची जागा दुसऱ्या प्रणालीने घेतली. फीत गेली, सीडी गेली, जेनसही मागे पडले. प्रत्येक स्थलांतरात कोणीतरी बसून जुने स्तंभ नव्या स्तंभांशी जुळविले, म्हणूनच आज १९६८ ची नोंद वाचता येते. या कामाला शोधनिबंधाचे श्रेय क्वचितच मिळते.

ओमानचा गाळ, खरगपूरचा संशोधक

या व्यवस्थेचा लाभ कोणाला होतो याचे एक उदाहरण भारताशी निगडित आहे. १९८७ साली ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ने ओमानच्या किनाऱ्यानजीक, सुमारे ८०० मीटर पाण्याखाली, ७२३ क्रमांकाच्या ठिकाणी वेधन केले. नैऋत्य मान्सूनचे वारे जोरात वाहू लागले की या किनाऱ्याजवळचे पृष्ठभागावरील पाणी दूर ढकलले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. अशा पाण्यात ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ नावाचा एकपेशीय जीव विपुल वाढतो. तो मेला की त्याचे चुन्याचे सूक्ष्म कवच तळाशी बसते. त्यामुळे गाळाच्या एखाद्या थरात या कवचांचे प्रमाण किती, यावरून त्या काळी मान्सूनचे वारे किती जोरदार होते याचा अंदाज बांधता येतो.

या ठिकाणच्या पहिल्या छिद्रातील गाळ वापरून खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अनिल गुप्ता यांनी डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक या अमेरिकी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक प्रदेश ज्या ज्या काळी थंड झाला, त्या त्या काळी नैऋत्य मान्सून दुर्बळ झाल्याचे त्यात दाखविण्यात आले. गाभा निघाल्यापासून निबंधापर्यंत सोळा वर्षे लोटली होती. या निबंधासाठी कोणालाही नवे जहाज समुद्रात पाठवावे लागले नाही. लागला तो अचूक पत्ता असलेला गाळ. आणि निबंधामागील आकडे जागतिक पुराहवामान माहिती केंद्रात जमा केले गेल्यामुळे, मान्सूनच्या इतिहासावर काम करणाऱ्या पुढच्या संशोधकांना ते जसेच्या तसे वापरता आले.

अनेक ठिकाणांची माहिती एकत्र केली तर चित्र याहून व्यापक होते. २००५ मध्ये लॉरेन लिसेकी आणि मॉरीन रेमो यांनी जगभरातील ५७ सागरी नोंदी एकावर एक जुळवून गेल्या ५३ लाख वर्षांतील हिम आणि खोल पाण्याचे तापमान यांचा एक सरासरी आलेख तयार केला. हिमयुगांवर काम करणारे संशोधक आपल्या गाभ्याचे वय ठरविताना आजही त्याचा आधार घेतात. २०२० मध्ये थॉमस वेस्टरहोल्ड आणि सहकाऱ्यांनी १४ वेधनस्थळांच्या नोंदींतून डायनोसॉरच्या अस्तापासून आजपर्यंतच्या ६ कोटी ६० लाख वर्षांचा सलग आलेख ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. असा आलेख कोणत्याही एका मोहिमेतून किंवा एका देशाच्या जहाजातून निघणे शक्य नव्हते.

अरबी समुद्रातील दोन छिद्रे

भारताच्या अगदी जवळची मोहीम २०१५ ची. ३१ मार्च रोजी कोलंबोहून निघालेले ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ ३१ मे रोजी मुंबईत पोहोचले. या ३५५ व्या मोहिमेचे नेतृत्व गोव्यातील राष्ट्रीय अंटार्क्टिक व सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतील पीटर क्लिफ्ट यांनी संयुक्तपणे केले. २०१८ पासून हे केंद्र राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र या नावाने ओळखले जाते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन हजार मीटरहून अधिक खोल पाण्याखाली दोन ठिकाणी प्रत्येकी अकराशे मीटरपेक्षा जास्त खोल वेधन झाले. हिमालयाची झीज, सिंधू नदीने वाहून आणलेला गाळ आणि मान्सून यांचा परस्परसंबंध शोधणे हा प्रमुख उद्देश होता. वाटेत तीनशे मीटरहून अधिक जाडीचा, एकाच प्रचंड समुद्री भूस्खलनात कोसळलेला थर लागला. सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वीच्या या घटनेला ‘नटराज’ भूस्खलन असे नाव देण्यात आले आहे. असा थर मध्ये आला की त्यातील गाळाचा मूळ क्रम विस्कटलेला असतो. नोंदीत त्याच्या सीमा नीट आखलेल्या नसतील तर नंतरचा संशोधक त्यालाच हवामानातील बदल समजून बसेल.

या मोहिमेचे गाभे आज जपानमधील कोचीत आहेत, आणि जहाजावर घेतलेली मोजमापे सर्वांना खुली आहेत. पुणे, गोवा किंवा नागपूर येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याला ती संकेतस्थळावरून उतरवून घेण्यासाठी कोणाचे शिफारसपत्र लागत नाही.

याच जहाजाने भारतासाठी वेगळ्या अटींवरही काम केले आहे. २००६ मध्ये राष्ट्रीय वायू हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेसाठी भारताने ते भाड्याने घेतले आणि कृष्णा-गोदावरी, महानदी, अंदमान व केरळ-कोकण या खोऱ्यांत २१ ठिकाणी वेधन झाले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील एका ठिकाणी सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त मातीचा थर सापडला. ही मोहीम ऊर्जास्रोतांच्या शोधासाठी, राष्ट्रीय कार्यक्रमाखाली होती. त्यामुळे वर्षभराच्या मुदतीचा आंतरराष्ट्रीय नियम तिला लागू नव्हता, आणि निष्कर्ष पुढे अहवालांतून व शोधनिबंधांतून प्रसिद्ध झाले. इंधनाशी निगडित माहितीबाबत सरकारे सावध असतात, हे समजण्यासारखे आहे. तथापि जहाज, उपकरणे आणि पुष्कळशी कार्यपद्धती तीच असूनही, माहिती कोणासाठी गोळा केली यावरून तिचे पुढचे आयुष्य कसे बदलते, हे या दोन मोहिमा शेजारी ठेवल्यावर दिसते. शासकीय खर्चाने गोळा झालेली, संवेदनशील नसलेली माहिती खुली करण्याचे धोरण भारत सरकारने २०१२ मध्ये स्वीकारले आहे.

जे अजून विखुरलेले आहे

खुलेपणाचा हा नियम जहाजावरील मोजमापांना काटेकोरपणे लागू होतो. अडचण आहे ती किनाऱ्यावर परतल्यानंतरच्या माहितीची. समस्थानिकांची मोजमापे, जीवाश्मांची गणती, रासायनिक विश्लेषण हे सर्वांत मोलाचे आकडे संशोधक आपापल्या प्रयोगशाळेत, महिनोन्महिने खपून मिळवतात. निबंध छापला जातो. आकडे कधी जोडपत्रात येतात, कधी केवळ आलेखाच्या रेषेत राहतात, आणि संशोधक निवृत्त झाला की त्याच्या संगणकासोबत नाहीसे होतात. ब्रेमेन येथून चालविल्या जाणाऱ्या ‘पॅन्जिया’सारख्या माहितीसाठ्यांनी अशा आकड्यांना स्वतंत्र कायमस्वरूपी ओळखक्रमांक देण्यास सुरुवात केली, त्यामुळे निबंधाप्रमाणे आकड्यांचाही संदर्भ देता येतो. आपले आकडे कोणी वापरले याची नोंद राहते म्हटल्यावर ते जमा करण्याची इच्छाही वाढते, हा त्यातील व्यावहारिक भाग.

दुसरी अडचण भाषेची. अमेरिकी जहाज, जपानी जहाज आणि युरोपीय मोहिमा यांनी आपापले स्वतंत्र माहितीकोश वाढविले. त्यांच्यातून एकाच वेळी शोध घेता यावा म्हणून सामाईक प्रवेशद्वार उभारण्याचे प्रयत्न झाले. परंतु प्रत्येक कोशातील स्तंभांचे अर्थ जुळविल्याशिवाय केवळ दार उघडून भागत नाही. थरांच्या वर्णनांत तर मोठीच विविधता आहे. एकच गाळ एका शास्त्रज्ञाने ‘सूक्ष्मकवचयुक्त चिकणमाती’ म्हटला, दुसऱ्याने ‘चिकणमातीयुक्त सूक्ष्मकवचांचा गाळ’. माणसाला दोन्ही कळतात. संगणकाला ते दोन वेगळे पदार्थ वाटतात. जीवाश्मांची नावेही अर्धशतकात बदलत गेली आहेत. अमेरिकेतील काही विद्यापीठांनी मिळून सुरू केलेल्या ‘ई-ओडीपी’ प्रकल्पात ही जुनी वर्णने आणि जीवाश्मनोंदी एका समान परिभाषेत आणून पुराजीवशास्त्राच्या मोठ्या माहितीसाठ्यांशी जोडण्याचे काम हाती घेण्यात आले.

२०१६ मध्ये मांडण्यात आलेली वैज्ञानिक माहितीविषयक चार तत्त्वे आता या क्षेत्रातही प्रमाण मानली जातात. माहिती सापडली पाहिजे, मिळाली पाहिजे, दुसऱ्या माहितीशी जुळली पाहिजे आणि पुन्हा वापरता आली पाहिजे. पहिल्या दोन बाबतींत समुद्रवेधनाचे क्षेत्र इतर अनेक विज्ञानशाखांच्या पुढे आहे. खरी कसोटी तिसऱ्या तत्त्वाची.

जहाजांची संख्या घटल्याने या कामाला निकड प्राप्त झाली आहे. जपान आणि युरोपीय देशांनी जानेवारी २०२५ पासून सुरू केलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात नव्या मोहिमांबरोबरच, केवळ जुने गाभे आणि जुनी माहिती वापरून करावयाच्या प्रकल्पांसाठी स्वतंत्र योजना ठेवण्यात आली आहे. चीनचे ‘मंगश्यांग’ हे वेधन जहाज नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्वांगजौ येथे सेवेत दाखल झाले. त्यातून निघणारे गाभे आणि आकडे कोणत्या अटींवर इतरांना मिळतात, याकडे साहजिकच सर्वांचे लक्ष आहे.

दरम्यान शीतगृहांतील कामाचे भाग झिजत चालले आहेत. लोकप्रिय ठिकाणच्या काही थरांतून इतके नमुने गेले आहेत की महत्त्वाच्या सेंटिमीटरांत जवळजवळ काही शिल्लक नाही. अशा थरांसाठी नवा अर्ज आला की अभिरक्षक प्रथम एक गोष्ट तपासतात : मागितलेले मोजमाप आधीच कोणी करून ठेवले आहे काय, आणि असल्यास त्याचे आकडे कोठे आहेत.